रविवार कोणाचा होता

आईच्या पुण्यानुमोदनाला विहाराचा हॉल भरला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या शिकवणी वर्गातून बाकं आणावी लागली. मागच्या मंडपात तीनशे माणसांचा स्वयंपाक चालला होता. आई न्हाणीच्या दारात सव्वीस तास पडून होती, तेव्हा या तीनशेंपैकी एकानेही आमचं फाटक उघडलं नव्हतं. आज तेच लोक चपला ओळीने काढून आत येत होते.

भाषणं झाली. आई, म्हणजे शालूबाई, पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. नगरातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, हे तीन जणांनी सांगितलं. मग विहार समितीचा सचिव स्वप्निल उभा राहिला. तोही तिच्याच हातावर जन्मलेला. त्याने आईच्या योजनेचा विषय काढला.

योजना खरंच आईची होती. दोन वर्षांपूर्वी तिने सभेत सांगितलं, की आपल्या नगरात एकटी राहणारी सात म्हातारी माणसं आहेत, मला धरून. पोरं पुण्याला, हैदराबादला. रोज एका घराने सकाळी ही सात दारं ठोठावावीत, गोळी घेतली का विचारावं, एवढंच. टाळ्या वाजल्या. सोमवार ते शनिवार सहा नावं लागलीच मिळाली. रविवार कोणालाच नको होता. आईने तिथे माझं नाव लिहिलं. मी अकोल्याला शिकवते, दोन-अडीच तासांची बस. मी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, "लोकायले वार वाटले अन आपल्या पोरीले सोडलं, तं कोण आयकन माहं?"

तो कागद विहाराच्या काचेच्या सूचना फलकात लावला होता, तिच्या गोल, सरळ अक्षरातला. महिनाभरात सकाळी सकाळी तिला फोन येऊ लागले. मावशी, आज तेवढं तुमीच पाहून घ्या ना. ती पाहून घ्यायची. शहात्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, सातही वार. तिचं स्वतःचं दार अर्थातच कोणी ठोठावायचं नाही. मीही तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी पेपर तपासायचे होते.

ती पडली तो रविवार होता. अकोल्यात पुस्तक प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता, तिथूनच मी अकराला फोन केला. तिने उचलला नाही. फेरीवर असेल, असं समजले. माझ्याच फेरीवर. दुसऱ्या दिवशी सोमवार, स्वप्निलचा. त्याला बैठक होती.

ती सापडली श्रावणकाकांना. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त, ब्याऐंशीचे, सातांपैकी एक. रविवारी ते वाट पाहत बसले. सोमवारी काठी घेऊन निघाले आणि चार घरं ओलांडायला त्यांना अर्धा तास लागला. बुधवारी दवाखान्यात ती वारली.

इकडे हॉलमध्ये स्वप्निलने पडदा ओढला. फ्लेक्सवर आईचा नर्सच्या पोशाखातला फोटो होता आणि खाली ‘शालूबाई आधार योजना’. ती आता नव्या जोमाने चालवू, असं तो म्हणाला आणि मला दोन शब्द बोलायला बोलावलं.

मी बोलायची तयारी केली होती. सकाळीच फलकातून कागद काढून पर्समध्ये ठेवला होता. टीका नाही, विशेषण नाही, फक्त वाचायचं. मी माईक हातात घेतला, सर्वांना जय भीम केला आणि वाचलं.

"सोमवार, स्वप्निल. मंगळवार, सीमाताई. बुधवार, लीलाबाई."

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. सीमाताई फ्लेक्सकडे पाहू लागल्या. मी सावकाश शनिवारपर्यंत आले. मला बरं वाटत होतं, हे लिहायला हवं. सातव्या ओळीवर माझा अंगठा होता. मी कागदाची घडी घातली.

"अन रविवार?"

श्रावणकाका पहिल्या खुर्चीवर होते. त्यांनी टोमणा मारला नव्हता. ज्याच्या दाराशी रोज कोणी यायचं, त्याला वार पाठ असतात.

"माझा होता, काका," मी हळू म्हटलं.

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हनतं?"

माईक अजून हातातच होता. "रविवार माझा होता."

हॉलमधल्या माना वर झाल्या. काही चेहरे सैल पडले, मी स्पष्ट पाहिलं.

काकांनी मान हलवली. "ते मले ठाऊक हाये. तुही माय दर रविवारी सांगे, पोरीची बस चुकली म्हने."

स्वप्निलने माझ्या हातून माईक घेतला, आणि जेवण तयार आहे, आधी वडीलधाऱ्यांनी बसावं, असं सांगितलं. लोक लगबगीने उठले. काकांची काठी वाटेत आडवी पडली होती. तिला वळसा घालून सगळे मंडपाकडे गेले.