माझ्याशिवाय उभे राहून दाखवा

मी एक डावा पाय आहे. हसू नका. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण हसतो, म्हणून मी सुरुवातीलाच सांगून टाकतो आणि हसण्याला जागा करून देतो. झालं हसून? आता ऐका.

मी वीतभर उंच, निळा, प्लास्टिकचा आहे. माझ्या नडगीमागे दोन इवलेसे हात दुमडलेले आहेत. गुडघ्यावरची झडप उघडली की आत माझा चेहरा आहे. म्हणजे एकटा असतो तेव्हा मी एक बुटका, जाडजूड यंत्रमानव असतो आणि माझं नाव असतं धिम्मा. पण हात मिटले, झडप लावली, मला उलटा केला, की मी अजस्रचा डावा पाय होतो.

अजस्र तुम्हाला आठवत असेल तर तुमचं बालपण बरं गेलं असणार. टीव्हीवर रोज संध्याकाळी लागायचा. तीन यंत्रमानव होते. बोलण्यात हुशार कप्तान, वाऱ्यासारखा पळणारा चपळ्या आणि मी. शत्रू आला की कप्तानचं धड व्हायचं, चपळ्याचा उजवा पाय व्हायचा आणि दोघं एका पायावर लटपटत उभे राहायचे. समोरून राक्षस येतोय, शहर जळतंय, आणि हे दोघं ओरडताहेत, "धिम्मा कुठाय? अरे, धिम्मा कुठाय?" मग लांबून धप्प धप्प आवाज यायचा, आणि माझा तो जाडाभरडा, धापा टाकणारा आवाज: "आलो, आलो! माझ्याशिवाय उभे राहून दाखवा!"

मग खट्. मी बसायचो आणि अजस्र ताठ व्हायचा.

ते खट् मला अजून ऐकू येतं. माझा जन्म झाला तेव्हा पहिलं तेच ऐकलं होतं. कारखान्यात साच्यातून गरमागरम बाहेर पडलो, एका बाईने माझ्या गुडघ्यात स्क्रू पिळला (घाईत वाकडा बसला तो, आजही वाकडाच आहे), आणि बसतोय का बघायला तिने मला एकदा धडाला लावलं. खट्. मग पुन्हा काढून खोक्यात, पारदर्शक कागदाच्या खिडकीमागे. शेजारी कप्तान, पलीकडे चपळ्या. तिघं एकाच खोक्यातले. भाऊ म्हणा हवं तर.

ते खोकं एका घरात आलं, जिथे दोन मुलं होती. मोठा दादा, आणि त्याची बहीण, जिला घरात सगळे बारकी म्हणायचे. वाटणी दादाने केली. "मी मोठा, म्हणून दोन माझे. कप्तान आणि चपळ्या. तुला हा."

त्याला वाटलं ती भोकाड पसरणार. तिने मला उचललं, झडप उघडली आणि म्हणाली, "धिम्मा माझा? खरंच माझा?"

कारण ती माझ्यासारखीच होती. शाळेला निघताना दादा जिन्याच्या खाली, आई दारात, आणि ही एका बुटात पाय घालून दुसरा बूट शोधत. "बारके, चल!" अशी हाक आली की आतून उत्तर यायचं, "आले, आले! माझ्याशिवाय निघून दाखवा!" आई कपाळाला हात लावायची. टीव्हीवर तेच, घरात तेच.

माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. दोघं टीव्हीसमोर पोटावर पडून बघायची, शेवटच्या लढाईला आम्हाला हातात घ्यायची आणि पडद्यावर खट् व्हायच्या नेमक्या क्षणी इथेही खट् करायची. जरा पुढेमागे झालं की भांडणं. "तू आधी लावलास!" "तूच उशीर केलास!" "धिम्मा उशिराच येतो, अडाण्या!"

मग तो दिवस आला. बाबांचे साहेब घरी आले, सहकुटुंब. मोठ्या माणसांची एक खोड मी तेव्हा पाहिली आणि ती मला आजवर उमगलेली नाही. साहेबांच्या मुलाने चपळ्याला हातात घेतलं आणि जायच्या वेळी सोडेना. रडायला लागला. बाबा नुसते हे-हे करत उभे. आई हसून म्हणाली, "असू दे, घेऊन जा बाळा. यांच्याकडे आहे तसलाच आणखी एक."

"आई, तो पाय आहे!" बारकी किंचाळली.

"मग? पायच तर आहे. लहान आहे तो, तुम्ही मोठी ना आता?"

मला सांगा, ज्याची वस्तू त्याला विचारायचं एवढी साधी गोष्ट कुणाला शिकवावी लागते का? आईने स्वतःचं एखादं पातेलं असं देऊन टाकलं असतं का? पण मुलांच्या वस्तू म्हणजे कुणाच्याच नसतात, असं मोठ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. चपळ्या गेला. दारातून जाताना त्या मुलाच्या मुठीतून त्याचं लाल टोक दिसत होतं. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

दादाने तीन दिवस आईशी अबोला धरला. बारकीने उपाय शोधला. बाबांच्या टॉर्चमधला मोठा सेल काढला आणि उजव्या पायाच्या जागी ठेवला. अजस्र उभा राहिला, जरा कललेला, सगळा भार माझ्यावर. माझा वाकडा स्क्रू कुरकुरायचा. पण उभा राहिला.

पुढे मालिका संपली. मुलं वाढली. दादाला लांबच्या शहरात नोकरी लागली. बॅग भरताना त्याने कप्तानला कपड्यांमध्ये गुंडाळलं आणि मला उचलून बारकीच्या हातात दिलं. "धड माझ्याकडे, पाय तुझ्याकडे. म्हणजे कुणी एकट्याने अजस्र करायचा नाही. कबूल?"

"कबूल. पण ये लवकर."

"आलो, आलो," तो माझ्या आवाजात म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तेव्हापासून मी एकटा. आधी बारकीच्या टेबलावर, मग खणात, मग एक दिवस आईला खिडकी आपटू नये म्हणून फटीत सारायला काहीतरी हवं होतं आणि मी नेमका त्या मापाचा निघालो. कितीतरी दिवस मी त्या फटीत होतो. ऊन, धूळ, कबुतरं. बारकी बाहेरून आली की मला काढून पुसायची, पुन्हा टेबलावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी वारा सुटला की मी पुन्हा फटीत. यावरून दोघींची रोज जुंपायची.

बारकी आता एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांच्या तुटक्या नडग्या बघते. एकदा तिने मला पिशवीतून नेलं आणि कुणी नसताना माझाही फोटो काढला. त्यात प्लास्टिक धुक्यासारखं दिसतं आणि मधोमध तो वाकडा स्क्रू, लख्ख. तिने तो खोलीत लावला. बाबा चष्मा लावून जवळ गेले. "हे कुणाचं हाड?"

"माझ्या माणसाचं," ती म्हणाली.

तिने तो दादालाही पाठवला. त्याच्याकडून उत्तर म्हणून नुसता एक अंगठा आला. ती त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसली होती. मी समोरच होतो.

आणि मग बातमी आली, अजस्र परत येतोय! नवी मालिका, नवी चित्रं, नवे आवाज. बारकी कामावरचे बूट न काढताच खोलीत आली, मला फटीतून उपसलं आणि दादाला फोन लावला.

"दादा, ऐकलंस? रविवारी दुपारी पहिला भाग. तू ये. कप्तानला घेऊन ये. तो लागायच्या वेळी आपण जोडायचा."

"अगं, कप्तान कुठे असेल आता... दोनदा घर बदललं मी. आणि वय बघ आपलं."

"वयाचं काय? तू म्हातारा कधी झालास रे? डिट्टो आईसारखा बोलायला लागलास."

"बरं बरं. बघतो. जमलं तर येतो."

जमलं तर! या दोन शब्दांत मोठी माणसं किती काय काय पुरून टाकतात. बारकीला ते कळत होतं, तरी तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, सांध्यातली धूळ टाचणीने काढली, आणि रविवारी टीव्हीच्या पुढ्यात ठेवलं. शेजारी एक कोरा सेल. वर धडाएवढी जागा मोकळी.

जेवणं झाली. बाबा आत झोपले. बारकी दर गाडीच्या आवाजाला खिडकीशी जात होती. मग फोन टिणटिणला. दादाचा निरोप होता: "नाही जमत. तू बघ, मी इथे बघतो."

तिने फोन गादीवर भिरकावला. "माझ्याशिवाय बघून दाखवा म्हणे," असं काहीतरी पुटपुटली आणि मालिका लावली. आई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन शेजारी येऊन बसली, घड्या घालायला.

काय सांगू तुम्हाला? चकचकाट होता नुसता. कप्तान सडपातळ झाला होता, प्रत्येक वाक्याला विनोद करत होता. चपळ्याला पंख फुटले होते. मी माझी वाट बघत होतो. आता दिसेन, आता दिसेन. राक्षस आला, शहर जळू लागलं. कप्तान ओरडला, "एक व्हा!" विजा कडाडल्या, अजस्र तयार झाला. कमरेपर्यंत. कमरेखाली निळी ज्वाळा, आणि तो भर्रकन उडाला.

पायच नव्हते. नव्या अजस्रला पायांची गरज नव्हती.

तेवढ्यात शेजारून आईने विचारलं, हातातल्या चादरीची घडी न थांबवता:

"तो उशिरा येणारा कुठाय गं?"

बारकीने मान वळवली. "कोण?"

"अगं तोच. आलो, आलो करत यायचा. तुझ्यासारखा."

"तुला काय माहीत तो? तू कधी बघितलंस?"

"बघायला कुठे फुरसत होती? स्वयंपाकघरातून ऐकायचे. तो ओरडला की कळायचं, संपत आलं, आता ताटं घ्यायची. रोज त्याच्याच आवाजावर तर ताटं वाढली मी. घड्याळ बघायचेच नाही कधी."

बारकीने टीव्हीचा आवाज बारीक केला. पण ती बारकीच. जुना हिशोब सोडणार थोडीच? "एवढं ऐकत होतीस आणि तरी त्याच्या जोडीचा पाय देऊन टाकलास?"

आईचे हात आता थांबले. तिने मला उचललं, उलटसुलट केलं, जणू पहिल्यांदाच बघत होती. "मला काय माहीत ते जोडून उभं राहतं? मला वाटायचं, तीन वेगळी खेळणी आहेत. तुम्ही दोघं आत काय करायचात, मी कधी आले बघायला? नुसता खट् आवाज यायचा. मला वाटायचं, काहीतरी मोडतायत."

"मग विचारायचं ना! बघायला यायचं ना!"

"आणि स्वयंपाक कोण करणार होतं, तुझा अजस्र?"

बारकीला हसू आलं. रागही होता, तो गेला नव्हता, डोळ्यांत पाणीही होतं, आणि हे सगळं एकाच वेळी तिच्या तोंडावर मावत नव्हतं. त्यात फोन वाजला. दादाचा, चेहरा दिसणारा.

"बारके! पायच नाहीत गं!" त्याने नमस्कार-चमत्कार काही न करता बोंब ठोकली.

"पायच नाहीत!" ही ओरडली. "ज्वाळा लावलीय! गॅसची शेगडी आहे का ती?"

"आणि धिम्मा नाही! मग उशिरा कोण येणार? मजा काय राहिली?"

दोघं बडबडत सुटली. आणि मी बघितलं. त्याच्या मागे ऑफिसचं टेबल होतं, रविवारीही तो तिथेच होता. टेबलावर पेनांचा डबा, आणि डब्यात, पेनांच्या मधोमध, कमरेपर्यंत बुडालेला, ताठ उभा... बारकीनेही पाहिलं.

"तू म्हणालास हरवला!"

"हरवला म्हणालो नाही. कुठे असेल म्हणालो." त्याने मान खाली घातली. "इथेच असतो. पाय नाहीत ना, नाहीतर पडतो."

त्याने कप्तानला डब्यातून काढून समोर धरलं. रंग उडालेला, पण तोच. माझा कप्तान. बारकीने मला उचललं, हात मिटले, झडप लावली, उलटा केला, आणि फोनच्या काचेवर धरलं, बरोबर त्याच्या कमरेखाली. मागून आई वाकली. "अरे, असा पडेल तो. हा धर," म्हणत तिने तो कोरा सेल काचेवर दुसऱ्या बाजूला टेकवला. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

तिघांनी तीन तुकडे धरले होते. अजस्र उभा होता. पण खट् झालं नाही. मध्ये काच होती.

"कधी येतोस?" आईने विचारलं.

"बघतो, जमलं..." म्हणता म्हणता तो थांबला. हातातल्या कप्तानकडे त्याने पाहिलं. मग घसा खाकरून, तो जुना जाडाभरडा, धापा टाकणारा आवाज काढून म्हणाला, "आलो, आलो. माझ्याशिवाय उभे राहून दाखवा."

फोन बंद झाल्यावर आई उठली आणि खिडकीच्या फटीत तिने पुठ्ठ्याची घडी सारली. मला टीव्हीपाशीच ठेवलं. आता ती तिथली धूळ पुसते तेव्हा मलाही पुसते.

दादा अजून आलेला नाही. नवी मालिका चालू आहे, बारकी प्रत्येक भाग बघते आणि प्रत्येक भागाला शिव्या घालते. शेजारी तो सेल आहे, बिचारा काही बोलत नाही.

एक मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या घरात कुठे खणात, माळ्यावर, एखादा लाल उजवा पाय पडला असेल, नडगीवर पट्टा असलेला, तर कुणाला देऊन टाकण्याआधी जरा विचारा, हा कुणाचा आहे.

आणि माझी काळजी करू नका. इतकी वर्षं सगळे माझ्यासाठी थांबले, राक्षस अंगावर येत असताना थांबले. आता थांबायची पाळी माझी आहे. जिन्यावर पावलं वाजली की मी कान देतो. धप्प धप्प, अशी, उशिरा येणाऱ्या माणसाची.