विमानाला हात करू नका

साखऱ्याच्या वरच्या माळावर शिवहार सकाळपासून एकटा बसला होता, आणि खरं सांगायचं तर एकटं बसायला त्याच्याइतका लायक माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात सापडला नसता. गोरेगावात त्याचं मंडप आणि भोंग्यांचं दुकान होतं. एके काळी लग्न असो की सप्ताह, शिवहारचा भोंगा लागल्याशिवाय गावाला कार्य झाल्यासारखं वाटायचं नाही. मग डीजे आले, आणि त्याचे भोंगे माळ्यावर धूळ खात पडले. बायको, मिना, काविळीनं गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. पोरगी लातूरला नांदत होती. घरात बोलायचं तर भिंतींशी, आणि भिंती काही हुंकार देत नाहीत.

अशात नांदेडच्या काही हौशी लोकांनी पुरात अडकलेली, हरवलेली माणसं शोधायला दोन लहान विमानं उडवायची सेवा काढली. पगार कुणालाच नाही, पेट्रोल वर्गणीचं. त्यांना गावोगाव वायरलेसवर बोलणारी माणसं पाहिजे होती. शिवहारनं पन्नाशी उलटल्यावर वायरलेसच्या परवान्याची परीक्षा दिली. गावानं यथेच्छ टिंगल केली, की भोंग्यानं पोट भरेना म्हणून आता विमान खाली पाडतो का काय. त्यानं मनावर घेतलं नाही. निदान कुणीतरी त्याच्याशी बोलणार होतं.

पण बोलणं म्हणावं असं ते कामच नव्हतं. विमान नदीच्या खोलगटात खाली उतरलं की मध्ये डोंगर यायचा आणि नांदेडचा संपर्क तुटायचा. म्हणून टेकडीवर एक माणूस बसवायचा. विमानानं जे सांगितलं ते त्यानं नांदेडला जसंच्या तसं सांगायचं, नांदेडनं सांगितलं ते विमानाला. पदरचा शब्द घालायचा नाही. दिवसभर त्याच्या तोंडून शब्द जायचे आणि त्यातला एकही त्याचा नसायचा. नावही नाही. सगळे त्याला ‘टेकडी’ म्हणायचे. विमान चालवणारी कोमल म्हणून पोरगी होती, तिचा आवाज तो झोपेतही ओळखला असता, पण तिचं तोंड त्यानं कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी कयाधू नदी दोन्ही थड्या सोडून शेतात शिरली होती. नामाजी नावाचा म्हातारा मेंढपाळ आदल्या दुपारी मेंढरं घेऊन नदीकडं गेला, तो परतलाच नाही. मोबाईलचे टॉवर बंद, रस्ते पाण्याखाली. सकाळी पावसानं जरा उघडीप दिली तसं विमान उडालं.

आणि तिथंच घोळ झाला. आपल्याकडं विमान एवढं खाली येतं कधी? ते दिसलं मात्र, काठच्या सात गावांतली माणसं घराबाहेर पळाली. पोरं, बाया, म्हातारे, जो तो गच्चीवर, बांधावर उभा राहून रुमाल, टॉवेल, लुगडी हलवायला लागला. प्रेमानंच, बिचाऱ्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. पण कोमलला कळेना, की यातला अडकलेला कोण आणि रामराम करणारा कोण. ती प्रत्येक टॉवेलवर खाली उतरायची, बघायची, तर पोरं उड्या मारून राहिलीत. पेट्रोल जळत होतं. शेवटी तिनं हात टेकले.

“टेकडी, हे सगळे हात करतात. मला माणूस दिसेना. यांना बसवा.”

आता हे काम शिवहारच्या हातातलं होतं. सातही गावांत सेवेचे स्वयंसेवक छोटे वायरलेस घेऊन बसले होते. त्यानं त्यांना सांगितलं, की वायरलेस देवळातल्या माइकपुढं धरा, बॅटरीवर भोंगा चालू करा. आणि बऱ्याच वर्षांनी शिवहारचा आवाज एका दमात सात गावांवर गेला. विमानातून शोध चालू आहे, नदीकाठच्या लोकांनी घरात किंवा झाडाखाली बसून राहावं, विमानाला हात करू नये. एवढंच. नाव घेतलं नाही, कारण हरवलेल्याचं नाव हवेवर घ्यायचं नाही असा सेवेचा नियमच होता. दहा कान ऐकत असतात, त्यात घरचेही असतात, आणि अर्ध्या बातमीनं लोक ऊर बडवून घेतात.

त्याला मनातून फार बरं वाटलं. लोकांनी ऐकलं. कोमल म्हणाली, अख्खा नदीकाठ खाली बसला. शिवहारनं डब्यातली भाकरी काढली आणि दोन घास खाल्ले.

त्याच वेळी अनुसयाबाई टेकडी चढून वर आल्या. नामाजीची बायको. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात म्हाताऱ्याची छत्री. बातमी इथून जाते म्हणून खाली कुणीतरी सांगितलं होतं. शिवहारनं अर्धी भाकरी पुढं केली, त्यांनी मान हलवली. नियमानं घरच्या माणसाला वायरलेसच्या सेटजवळ बसू द्यायचं नव्हतं. पण म्हातारीला उतर म्हणायला त्याची जीभ रेटेना. बसा म्हणाला. मग दोघं शेजारी शेजारी बसून त्या खरखरीकडं कान लावून राहिले. जन्मात एकमेकांना न भेटलेली दोन माणसं, पण त्या माळावर त्या घडीला त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

दुपार कलली. कोमल नदीच्या धारेनं खालपर्यंत गेली, परत वर आली. एकही हात हलला नाही. वरच्या भागात पाऊस धो धो चालू होता, संध्याकाळपर्यंत पाणी आणखी चढणार असं नांदेडहून कळलं. नदीच्या मधले उंचवटे तेवढे उरले होते, तेही बुडणार. शिवहारनं ते जसंच्या तसं विमानाला सांगितलं, आणि सांगताना अनुसयाबाईंकडं पाठ केली. पण त्या काही बहिऱ्या नव्हत्या.

कोमलचं उत्तर आलं, की परतीचं पेट्रोल सोडलं तर आता एकच फेरी होईल. मग उजेडही राहणार नाही.

शिवहारनं ते नांदेडला कळवलं. अनुसयाबाई छत्रीचं टोक जमिनीत रुतवत म्हणाल्या, “भाऊ, मगा भोंग्यावर तुमीच बोलले का?”

“व्हय.”

“बसा म्हनले ना तुमी? हात करू नका म्हनले?”

“व्हय अक्का. लोकं लई गोंधळ करून राहिले होते.”

“मंग ते बसले असतीन,” त्या म्हणाल्या. “ते आसंच हायेत. जन्मभर कोनी बस म्हनलं की बसले, ऊठ म्हनलं की उठले. भोंग्यावरून सांगितलं म्हनल्यावर तर मरतीन, पन हात करनार न्हाईत.”

आता शिवहारच्या ध्यानात आलं. सकाळी आपण सात गावं बसवली. आणि ज्याला उठवायचं त्यालाही बसवून ठेवलं की काय? म्हातारा कुठल्यातरी झाडाखाली, काळी घोंगडी पांघरून, काळ्या मेंढरांत, आपण सांगितलं तसा शहाण्यासारखा बसला असणार. वरून काय दिसणार कपाळ? काळी माती दिसणार.

त्यानं नांदेडला विचारलं नाही. विचारलं असतं तर नियम ऐकवला असता, आणि त्यांचंही चुकलं नसतं. त्यानं सरळ सातही गावांना सांगितलं, भोंगे लावा. मग पहिल्यांदा त्या सेटवर कुणीच न सांगितलेलं, स्वतःच्या मनचं बोलला. “नामाजी, साखऱ्याचे नामाजी, असाल तिथं उभे राहा. विमानाला हात करा. विमान तुमच्यासाठी आहे.” परत एकदा तेच बोलला.

वर आभाळात विमानाची घरघर चालूच होती. कोमलचा आवाज आला, की कुणीच उठलं नाही. नदीच्या वळणावर एक उंचवटा आहे, बाभळ आहे, पण हालचाल नाही. मी आता वळते.

“जरा थांब, बाई,” शिवहार म्हणाला. सेटवर असं बोलायची पद्धत नव्हती. त्यानं माइक अनुसयाबाईंच्या हातात दिला, बटण कसं दाबायचं ते दाखवलं, आणि हाक मारा म्हणाला. त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, की जणू त्यानं त्यांना नवऱ्याचं नाव घ्यायला लावलं. जन्मात त्यांनी ते घेतलं नव्हतं, आणि सात गावांपुढं तर शक्यच नव्हतं. बटण दाबलेलंच राहिलं. भोंग्यांतून नुसता वारा गेला.

“अवं,” त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. “अवं, आयकता का? मी बोलून राहिले. उठा की आता. कवाचे बसले तसे. तुमालाच धुंडून राहिले सगळे. उठा, हात करा इमानाला.”

सात गावांतल्या किती नवऱ्यांनी दचकून बायकोकडं बघितलं असेल ते देवालाच ठाऊक.

बटण सुटलं. खरखर झाली. अनुसयाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. आणि मग कोमल एवढ्या जोरात बोलली, की सेटचा आवाजच फाटला.

“टेकडी, बाभळीखालून माणूस उठला. छातीभर पाणी आहे भोवती, पण वर कोरडं आहे. मेंढरंपण आहेत. हात करतोय. दोन्ही हात करतोय.”

शिवहारला तेच शब्द नांदेडला सांगायचे होते. त्याला ते लगेच सांगता आले नाहीत. अनुसयाबाई त्याच्या दंडाला घट्ट धरून नातं असल्यासारख्या रडत होत्या. त्या तशाच उतारानं निघाल्या, पाय घसरत, मागं न बघता. विमानही वळलं आणि नांदेडकडं गेलं. शिवहारनं नांदेडला आणि गावांना ठिकाण कळवलं, तसा वळणाजवळच्या तांड्यावरचा सेवेचा स्वयंसेवक रतनसिंग सरकारी बोटवाल्यांना घेऊन उजेड असेपर्यंत पोचला. म्हातारा मेंढरांसकट सुखरूप बाहेर निघाला. शिवहारनं एकट्यानं सेट गुंडाळला, तार उतरवली आणि बॅटरी पाठीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी तो गोरेगावच्या दवाखान्यात नामाजीला बघायला गेला. म्हातारा खाटेवर बसून बशीनं चहा पीत होता. अनुसयाबाई त्याच्या पायाशी. ताप होता, बाकी ठणठणीत. शिवहारनं आधी माफी मागितली, की माझ्या सांगण्यानं तुम्ही बसून राहिलात. मग जे त्याला कालपासून कुरतडत होतं ते विचारलं. “बाबा, मी तुमचं नाव घेऊन दोन डाव हाक मारली. ऐकू आली न्हाई का?”

“आली की,” नामाजी म्हणाले. “बराबर आली. नामाजी म्हनलं, साखऱ्याचे म्हनलं.”

“मग काहून उठले न्हाई?”

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. “म्हनलं, असंल कोनी दुसरा नामाजी. बडा मानूस असंल. आपल्यासाठी कोन इमान धाडतं बाबा?” मग बायकोकडं बघून ओशाळं हसला. “पन मंग हिचा आवाज आला. हिला कुठला दुसरा नामाजी धुंडायचाय? म्हनलं, मीच असंल.”

खोलीतले सगळे हसले. येडं मानूस, अनुसयाबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसले. शिवहारही हसला. थोडा वेळ बसला, चहा घेतला, निघाला.

बाहेर येऊन तो मोटारसायकलवर बसला आणि किल्ली फिरवायची विसरला. उद्या आपण कुठं अडकून पडलो, तर भोंग्यावर आपलं नाव घेणारे पुष्कळ निघतील, हे त्याला कळत होतं. कोमल घेईल, रतनसिंग घेईल, नांदेडवाले घेतील, चांगली माणसं होती ती. पण नाव न घेता जिनं नुसतं ‘अवं’ म्हटलं असतं, ती मिना आता नव्हती. रस्त्यावरून बाजाराचे लोक जात होते. कुणीतरी त्याला गाडी बाजूला घे म्हणालं, आणि त्यानं ती बाजूला घेतली.