मॉडेलमधली आईची बस

आमच्या साहेबांना कॉम्प्युटरवरची वाहतूक फार आवडायची, कारण तिथे कोणी हॉर्न वाजवत नाही. मोठ्या चौकातली बसची वेगळी लेन काढून ती गाड्यांना द्यायची, हा त्यांचा लाडका प्रस्ताव. त्याचं मॉडेल मी बनवलं होतं. त्यात चौक इतका सुरळीत चालला की साहेबांनी मला नोकरीत कायम करायचा शब्द दिला. मी हवेतच होते.

पालिकेपुढे प्रस्ताव मांडायच्या सभेच्या दिवशी सकाळी घरी सराव करत होते, तर आई मागे येऊन उभी राहिली. ती त्याच चौकातून बसने शिवणकामाच्या कारखान्यात जाते. सुपरवायझरने तिला उशिरासाठी शेवटची ताकीद दिली होती. बसची लेन झाली म्हणून तिची नोकरी टिकली होती.

“यात मी कुठे आहे गं?”

मी तिची बस दाखवली. आई खुर्ची ओढून बसली. बस चौकाशी आली, गाड्यांच्या मागे थांबली, थांबूनच राहिली. आणि गायब झाली.

“अगं, मला कुठे घालवलंस?”

मी सेटिंग उघडलं. फार वेळ अडकलेली गाडी तो प्रोग्रॅम गुपचूप उचलून टाकत होता. ही सोय पहिल्यापासून चालूच होती. आमच्यापैकी कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चौक मोकळा दिसत होता तो एवढ्यामुळेच.

“सुपरवायझरला सांगते,” आई म्हणाली, “निघाले वेळेवर होते, मुलीने पुसून टाकलं.”

ऑफिसात साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, “आता नसती उठाठेव कशाला? सभा होऊ दे.” मला भीती वाटली, चांगलीच वाटली.

सभेत पालिकेच्या मोठ्या मॅडम मॉडेल बघून खूश झाल्या. सही करायला पेन उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, “मॅडम, ही समजा तुमची गाडी.”

साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पडद्यावरची गाडी रांगेत थांबली आणि नाहीशी झाली.

“माझी गाडी कुठे गेली?”

“अडकली होती, मॅडम. म्हणून काढून टाकली.”

मग मी ती सोय बंद केली. रांग पडद्याच्या कडेला टेकली. बसची लेन परत घातली. गाड्या रखडल्याच, पण बस तेवढी निघाली. मॅडमनी पेन मिटलं. साहेब ग्लासभर पाणी प्यायले.

संध्याकाळी आईने दारातच विचारलं, “कायम झालीस?”

“साहेब माझ्याशी बोलत नाहीयेत.”

“आणि लेन?”

“राहिली.”

“मग बरं झालं,” आई चपला काढत म्हणाली. “दुसरी नोकरी शोधायला निघालीस तरी वेळेवर पोचशील.”