विमलताई आणि न्याय्य युद्धांची यादी

विमलताई जाधव डोळ्यांसमोर येतात त्या चैत्रातल्या एका दुपारच्या पांढऱ्या, निष्ठुर उजेडासह. डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर उतरले होते, खाली कलिंगडवाला ओरडत होता, आणि त्या माझ्यासमोर बसून एका कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवीत होत्या. संथ, सावध, पुन्हा पुन्हा. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात त्यांनी सव्वीस वर्षे पितळेचे सुटे भाग तपासले होते. कडेला बोचणारा कीस राहिला असेल तर तो डोळ्यांआधी अंगठ्याला कळतो, असे त्या म्हणत. त्या कागदाची कड गुळगुळीत होती. बोचणारे होते ते त्यावरचे अक्षर, आणि ते अक्षर माझे होते.

कल्याणजवळच्या एका बागेत परिसरातल्या, युद्धात कामी आलेल्या जवानांची नावे कोरलेली शिळा बसवायचे काही नागरिकांनी ठरवले होते. मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. यादी एकदा नजरेखालून घाला, एवढीच त्यांची विनंती. पण ज्याने आयुष्यभर भूतकाळाला गुण दिले, त्याला एवढ्यावर थांबवेना. सीमेच्या रक्षणासाठी झालेल्या लढाया न्याय्य; शेजारच्या पीडित जनतेला मुक्त करणारे एकाहत्तरचे युद्ध न्याय्य; श्रीलंकेत पाठवलेली शांतिसेना मात्र परक्याच्या भांडणात शिरलेली, नैतिक अधिष्ठान नसलेली. असा निवाडा मी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि त्या सदरातले एकुलते एक नाव लाल शाईने खोडले. ते आंबिवलीच्या दामोदर जाधवांचे होते. समितीतल्या कुणीतरी त्या पानाची झेरॉक्स त्यांच्या पत्नीच्या हाती दिली, आणि ती घेऊन विमलताई माझा पत्ता शोधत आल्या होत्या.

"सर, यांचं नाव चुकून राहिलं का?" त्यांनी विचारले.

चुकून नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. किती वेळ बोललो ते आठवत नाही. पत्नीने आणून ठेवलेले सरबत कोमट झाले, एवढे आठवते. युद्धाचे कारण, त्याचे साधन, त्याचा परिणाम अशा माझ्या वर्गातल्या जुन्या पायऱ्या मी एकेक करून चढत गेलो, आणि त्या पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीसारख्या ताठ बसून ऐकत राहिल्या.

"म्हणजे ती लढाई चुकीची होती."

"हो, विमलताई. दुर्दैवाने."

"ते पण तसंच लिहायचे." त्यांनी पिशवीतून एक पत्र काढले. सुट्टीवर निघालेल्या मित्राच्या हाती दामोदररावांनी ते घरी धाडले होते. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला तो कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. गिचमिड अक्षरात लिहिले होते: इथल्या बाया आम्हाला बघून पोरं घरात ओढतात. आपण वाचवायला आलोय म्हणतात, पण कोणाला, ते कळत नाही. बाळीला सांभाळ.

त्यानंतर पत्र आले नव्हते. बाळी तेव्हा दोन वर्षांची होती.

मी पत्र परत केले. जो निष्कर्ष मी ग्रंथांच्या आधाराने, पंख्याखाली बसून काढला होता, तो त्या माणसाने बंदूक खांद्यावर असताना काढला होता; आणि मी त्याच निष्कर्षाचा आधार घेऊन त्याला खोडले होते. पण खरी लाज त्या क्षणाची नाही. ती पुढच्या क्षणाची आहे.

"तेव्हा तुम्ही कॉलेजात शिकवायचात ना?" त्यांनी विचारले. स्वरात कसलाही डाव नव्हता. "तेव्हा पोरांना काय सांगायचात?"

तेव्हा मी टेबलावर मूठ आपटून सांगत होतो की आपले सैनिक शेजारधर्म पाळायला गेले आहेत. आपण तिथे का आहोत, असे विचारणाऱ्या एका विद्यार्थिनीला 'आधी देशावर प्रेम करायला शिका' असे सुनावून मी खाली बसवले होते. वर्ग हसला होता आणि मला ते हसणे आवडले होते. माझे मत बदलले ते पुढे, सगळ्यांचे बदलल्यावर, जेव्हा त्यासाठी कसलेही मोल मोजावे लागत नव्हते.

"तेव्हाही हेच सांगत होतो," मी म्हणालो.

विमलताईंचा चेहरा निवळला. श्रावणात ढग सरकून एखाद्या भिंतीवर क्षणभर ऊन पडावे तसा. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तिकडे यांना एकट्यालाच कळलेलं. इकडे पण कोणीतरी बोलत होतं तर."

दुसऱ्याच दिवशी मी समितीला लिहिले, युद्धाचा दोष मृताच्या माथी मारणे हा माझा अपराध होता. नाव शिळेवर आले. नावाआधी 'वीर' नको, नुसते नाव आणि गाव पुरे, असे विमलताईंनी सांगितले; तसेच कोरले. अनावरणाच्या सकाळी त्या पांढरी साडी नेसून आल्या होत्या. भाषणे चालू असताना त्या शेजारणीला माझ्याकडे बोट दाखवून काही सांगत होत्या, आणि शेजारीण मला हात जोडत होती.

खरे सांगण्यासाठी म्हणून मी दोनदा आंबिवलीला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा केला, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खुर्चीत मला मानाने बसवले, आणि दोन्ही वेळा मी हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. तो मान मला सोडवत नव्हता.

यंदाच्या माघात त्या गेल्या. चाळीच्या अंगणात बुद्धवंदना झाली, माणसे पांगली, तेव्हा बाळी, आता चाळिशीची, जवळ आली. "आई नेहमी सांगायची सर, सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तुम्ही एकटेच खरं बोललात."

तेव्हा मी सांगितले. मूठ, ती विद्यार्थिनी, ते हसणे, ते खोटे, सगळे. बाळी ऐकत राहिली. मग पदर खांद्यावर ओढून घेत ती इतकेच म्हणाली, "हे तिला सांगायला हवं होतं, सर."

राष्ट्रांच्या अपराधांना काळ लोटला की त्यांचा निवाडा सोपा होतो, असे मी पिढ्यान्पिढ्यांना शिकवत आलो. माणसाच्या अपराधाचे तसे नसते. त्याला क्षमा करू शकणारे एकच माणूस असते, आणि ते गेल्यावर मागे जी स्मृती उरते, तिला सगळे आठवते, पण क्षमा करण्याचा अधिकार तिला नसतो.