वर्तुळातला ठिपका

इतिमादचं पत्र येऊन चार वर्षं झाली, तरी अल्लालनी तिला उत्तर धाडलं नव्हतं. पत्र छोटंसंच होतं. ‘उस्ताद, झातरच्या पाल्याच्या तेलाचा तुमचा प्रयोग मी इथे अगादीरला अकरा वेळा केला. काचेच्या बशीत तेलाच्या टिकलीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडतं, पण दर वेळी त्यात एखादा ठिपका उगवतोच. तुमच्या छापलेल्या फोटोत तो नाही. आमचे प्राध्यापक म्हणतात, माझेच हात घाणेरडे. तुमच्या बशीत खरंच काही नव्हतं का?’

होतं. मोहरीएवढं. कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ समजून अल्लालनी ते संगणकावर पुसलं आणि फोटो छापायला पाठवला. मग बशी उजेडात धरली, तर ठिपका जागच्या जागी. तेलाला न जुमानणारा जंतू! चूक कळवायला अजून वेळ होता. त्यांनी बशी मुकाट्याने धुवायला दिली.

प्रयोगशाळेत त्या बशा धुणारी रकिया परवा त्यांना मेक्नेस शहरातल्या सार्वजनिक भट्टीवर भेटली. दोघंही पाव भाजायला आले होते.

“उस्ताद अल्लाल, तुमच्या बशीचा फोटो अजून प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे हो! नव्या पोरींना दाखवतात, हात असे स्वच्छ हवेत म्हणून. काल एकीला रडवलंन् साहेबांनी.”

“का?”

“ठिपका आला बशीत. मी म्हटलं, रडतेस काय वेडे, त्यांच्याही बशीत होता. मी धुतलीय ना!”

“तुला माहीत होतं?”

“धुणारीला काय दिसत नाही? म्हटलं, शिकलेली माणसं, त्यांना ठाऊक काय ठेवायचं, काय पुसायचं.” ती हसली. “फळी सांभाळा, पाव पडतायत.”

अल्लालचे कान तापले. ती चिडली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

घरी त्यांनी कॅमेऱ्याचं जुनं कार्ड शोधून मूळ फोटो छापून आणला. पहिल्या मसुद्यात त्यांनी कॅमेऱ्याला दोष दिला, दुसऱ्यात डोळ्यांना. दोन्ही फाडले. तिसरा तीन वाक्यांत संपला: ‘ठिपका होता. मी तो पुसला, आणि कळल्यावरही गप्प बसलो. तुमचे हात स्वच्छ होते.’ त्याचीच एक प्रत त्यांनी प्रयोगशाळेच्या साहेबांसाठी आणि एक तो फोटो छापणाऱ्या नियतकालिकासाठी काढली.

इतिमाद अजून अगादीरला असेल का? हे काम तिने कधीच सोडलं असेल का? कुणाला विचारायचं, हेही त्यांना कळेना. शेवटी तिच्या पत्रावरचाच पत्ता त्यांनी पाकिटावर लिहिला.

टपाल कचेरीतल्या बाईंनी पाकिटं उलटसुलट करून विचारलं, “साधी की रजिस्टर, हाजी?”

“रजिस्टर. तिन्ही.”

बाईंनी शिक्के मारले आणि पाकिटं मागच्या पिशवीत टाकली.