तोझामाला पुरलं तसंच

आमच्या मंडळीतल्या लग्न झालेल्या बाया दर गुरुवारी प्रार्थनेला लाल झंपर, काळा घागरा आणि पांढरी टोपी घालून जातात. बाई मेली की त्याच कपड्यांत पुरायची. प्रभू परत येईल, कबरी उघडतील, तेव्हा तिनं तयार होऊनच उठावं म्हणून.

आणि जिची लेक लग्नाआधी पोटुशी राहील, त्या आईचा झंपर काढून घ्यायचा, हा नियम. माझी बायको नोझुको या बायांची पुढारीण होती. मंडळीतल्या तोझामाची लेक तशी राहिली, तेव्हा तोझामाचा झंपर नोझुकोनंच भर प्रार्थनेत काढून घेतला. तोझामा तशीच मेली. घरातल्या विटक्या झग्यात तिला पुरलं.

मग आमच्याच लेकीला, लिंडेकाला, लग्नाआधी दिवस गेले. नवी पुढारीण माराडेबे दारात आली. नोझुकोनं झंपराला इस्त्री केली, घडी घातली आणि हातात दिला. त्यानंतर ती दर गुरुवारी मागच्या बाकावर बसायची आणि सगळ्यांहून मोठ्यानं गायची.

ती आजारी पडली, उठेना, तेव्हा माराडेबे तोच झंपर घेऊन आली.

"ताई, बायांनी ठरवलंय. तुझी एवढी सेवा. ह्यातच जा देवाकडे."

"आणि नियम?"

"तुझ्यापुरता सोडला."

"तोझामापुरता का नाही सोडला गं?"

"अगं, तोझामा कुठं, तू कुठं!"

"मातीत दोघी शेजारीच. त्या दिवशी ती विटक्या झग्यात उठणार आणि मी हे मिरवत? तिला तोंड कसं दाखवू? ने परत."

"ताप डोक्यात गेलाय हिच्या," माराडेबे बाहेर जाताना पुटपुटली.

नोझुकोनं मला जवळ बोलावलं. "अहो, तोझामाला पुरलं तसंच मला पुरा. शब्द द्या."

मी दिला.

"बाप्यांचा शब्द!" ती हसली. "बायांना विचारून पाळतात."

ती गेली. मढ्याला न्हाऊ घालणं, कपडे करणं हे बायांचं काम. पुरुषाला त्या खोलीत जाता येत नाही. मी तिचा रोजचा तपकिरी झगा लिंडेकाकडे दिला. पण माराडेबेनं तिला उंबऱ्यावरच अडवलं. "पोटुशीनं मढ्याजवळ यायचं नसतं. दे इकडे."

देवळात शेवटच्या दर्शनाला पेटी उघडली. नोझुको गळ्यापर्यंत लाल.

"बाबा, हे कुणी घातलं?" लिंडेका किंचाळली.

"तिला शुद्ध नव्हती, लेकरा," माराडेबे सगळ्यांना ऐकू जाईल अशी गोड बोलली. "आम्ही तिला क्षमा केली."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली.

"काढा ते," मी म्हणालो.

"म्हातारबा," पाळक माझ्या कानाशी म्हणाले, "देवळात बाईला उघडी करायची का?" आणि त्यांनी झाकण लावायला सांगितलं.

प्रभू, लवकर ये, असं आमच्याकडे सगळे मागतात. मीही मागतो. फक्त म्हणतो, अंधार असताना ये. तोझामाची नजर पडायच्या आत माझ्या बायकोला बटणं सोडायला वेळ मिळू दे.