माझा पल्ला पाच मीटरचा

मित्रांनो, गेली अकरा वर्षं ज्याच्या नावाने खडे फोडले गेले, तो जुना फ्लॅश मीच. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसायचं आणि शटर उघडलं की क्षणभर लख्ख पेटायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यातून निघताना तपासनीस बाईंनी माझ्या पाठीवर एक तक्ता चिकटवला. माझा उजेड किती लांब पोचतो, शटरचा वेग किती ठेवायचा, सगळं त्यात होतं. माझा मालक धंद्याने फोटोग्राफर, पण त्याने तो कधी वाचला नाही. "त्यात वाचायचं काय? बटण दाबलं की उजेड!" फोटो साधला की कौतुक कॅमेऱ्याचं, बिघडला की शिव्या मला.

ते सगळं मी गिळलं. त्याच्या आईच्या निरोपाचा दिवस मात्र अजून गिळवत नाही.

आई चौतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. निवृत्तीच्या दिवशी तिच्या हातांवर जन्मलेली साठेक माणसं हॉलमध्ये जमली. कुणी सुतार, कुणी शिक्षिका, एकीच्या कडेवर तिचंच बाळ. आई पुढच्या रांगेत मधोमध बसली.

सगळे मावावेत म्हणून मालक पार पलीकडच्या जिन्यावर चढला. पंधरा मीटर! त्यात सकाळी अंगणात पळणाऱ्या मुलांसाठी शटरचा वेग पाचशेवर नेलेला, तो तसाच. इतक्या वेगात मी पेटेपर्यंत शटरचा पडदा मिटायलाही लागतो. तोंड असतं तर ओरडलो असतो. तीनदा पेटलो, तिन्ही वेळा फुकट.

"झालं! आभारी आहे!" माणसं पांगली. मग त्याने फोटो पाहिला. मागची माणसं नुसत्या सावल्या, आणि पुढची रांग, आईसकट, काळ्या पट्ट्यात गडप.

"या डबड्याने घात केला!" त्याने मला उपटून टेबलावर आपटलं. माझी काच तडकली.

त्याच्या थोरल्या बहिणीने मला उचललं, चष्मा लावला. "अरे, इथे लिहिलंय की! पाच मीटरच्या आत, शटर दोनशेच्या वर नको. तू कुठे उभा होतास?"

त्याने वळून पलीकडच्या जिन्याकडे पाहिलं.

"ताई, परत बोलावू या ना सगळ्यांना."

"कुठून बोलावणार? कामधंद्याची माणसं ती."

आई उठली. खुर्च्या रचणाऱ्या सफाईवाल्या मावशींना तिने हाताला धरून शेजारी उभं केलं. "आमचा दोघींचा काढ."

ताईने शटरचा वेग कमी केला, मला पुन्हा कॅमेऱ्यावर बसवून मालक तीन पावलांवर आला. तडकलेल्या काचेतून मी पेटलो. दोघींची सुरकुती न् सुरकुती उजळली.

"चौतीस वर्षं एकाच वॉर्डात राबलो," मावशी म्हणाल्या, "आणि एकत्र फोटो हा पहिलाच हो!"

ते ऐकून बरं वाटलं. पण साठ जणांची चुटपुट जात नाही. मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना आधी समजून घ्या, दोष नंतर द्या. काच बदलता येते. पांगलेली माणसं पुन्हा एका रांगेत उभी राहत नाहीत.